काजूचा भाव वेंगुर्ल्यात ठरत नाही

कुडाळकडे अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय: "पुस्तकात जागतिकीकरणाचे चार फायदे आणि चार तोटे दिलेत, मुलं ते पाठ करतात. पण कोकणात त्याने नेमकं काय झालं, हे काजूच्या धंद्यात जन्म गेलेल्या कुणीतरी सांगावं. भलं झालं की वाटोळं?"

मॅडम, वेंगुर्ले तालुक्यात माझा काजूचा लहान कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, गेली एकोणतीस वर्षं मी चालवतोय. अर्थशास्त्र काही शिकलो नाही, त्यामुळे चार-चार मुद्दे माझ्याकडे मागू नका. मला कळलंय ते एवढंच: बाजार जगाला जोडला गेल्यावर माल कुणाच्या घरात आहे याची किंमत कमी झाली, आणि माल धरून कोण थांबू शकतो याची वाढली. कोकणाला थांबता येत नाही. आंबा थांबत नाही, मासा थांबत नाही. काजू बी थांबते, पण ती पिकवणारा थांबू शकत नाही.

आधी एक खुलासा. आपल्याकडे बोलायची पद्धत अशी की १९९१ साली दार उघडलं आणि जग आत आलं. वेंगुर्ल्यात डचांची वखार सतराव्या शतकातली, तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. मिरची, पपई, अननस सगळे तिकडचेच. बाहेरचं आलं म्हणून कोकण बुडालं, हे मी मानत नाही. आलेलं आपण पचवलं. बदललं ते वेगळंच.

एप्रिलातली एक सकाळ सांगतो. साडेसातच्या सुमारास एक काकी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून येते, मांडीवर पोतं. चाळीसेक किलो बी. मी ओंजळभर बी घेऊन कानाजवळ हलवतो. सुकलेली बी आत खुळखुळते. मग एकीवर अंगठ्याचं नख रोवतो. वळ उठला तर बी ओली, अजून दोन उन्हं हवीत. काकी हे सगळं बघत असते, कारण तिला माहीत असतं की याच्यावर दोन-चार रुपये इकडेतिकडे होणार. मग ती विचारते, "दर काय आसा आज?"

आणि मी खिशातला फोन काढतो.

फोनवर काय असतं? मुंबईच्या आणि मंगळूरच्या दलालांचे निरोप. आयव्हरी कोस्ट ४७, बिसाऊ ५२, टनाला इतके डॉलर, बोट अमुक तारखेला. नावं पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची, आणि हे ४७ आणि ५२ म्हणजे उतारा. आफ्रिकेतलं पोतं ८० किलोचं धरतात आणि त्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघेल तो आकडा बोलतात. नमुन्याची एक किलो बी कापायची, किडका, काळा, सुरकुतलेला गर बाजूला काढायचा, उरलेला तोलायचा. २८० ग्रॅम भरला तर ८० किलोला बावीस किलो चारशे ग्रॅम, म्हणजे साधारण ४९ पौंड. सगळ्या जगात काजूची बी याच भाषेत विकली जाते. काकीला ही भाषा कुणी कधी शिकवलेली नाही. तिची बी वेंगुर्ला-४ या जातीची आहे, दाणा साडेसात ग्रॅमच्या वर, गर गोड. पण तिचा भाव मी तिच्या दाण्यावरून काढत नाही. आयव्हरीची बी कारखान्याच्या दारात मला कितीला पडेल ते आधी काढतो आणि त्यावर चवीचे चार पैसे चढवतो. मी लबाड म्हणून असं करतो, असं नव्हे. माझा गर ज्या व्यापाऱ्याला जातो तो माझा भाव त्याच बीशी ताडून बघतो.

पश्चिम आफ्रिकेचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, आपला मार्चमध्ये. म्हणजे काकीची बी अंगणात सुकत असते तेव्हा त्यांची बोट समुद्रात असते. तिकडून आलेला व्यापारी गोदाम भाड्याने घेऊन तीन महिने माल ठेवू शकतो. काकीच्या घरी मे महिन्यात लग्न असतं, जूनमध्ये शाळा उघडते आणि मृगाच्या आधी घरावरची कौलं चाळायची असतात.

आता दुसरी बाजू. हीच बाहेरची बी नसती तर माझा कारखाना चार-पाच महिने चालून बंद पडला असता. देशातल्या कारखान्यांना लागते त्यातली निम्म्याहून जास्त बी बाहेरून येते. पूर्व आफ्रिकेचा, म्हणजे टांझानिया-मोझांबिकचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. आपली बी संपत येते तेव्हा ती येते. माझ्याकडे बावीस बायका कामाला आहेत, त्यांना बारा महिने पगार मिळतो तो या बीमुळे. कटिंगला बसणाऱ्या एका मावशींना पहिल्यांदा आफ्रिकेची बी दिली तेव्हा त्या हातात घेऊन म्हणाल्या, "दादा, ही बी आपली न्हय. हेका वासच नाय." आणि हाताला राख लावून कापायला बसल्या. टरफलातलं तेल मात्र दोन्ही बियांचं सारखंच भाजतं. त्या मावशींच्या घरात एकाच वेळी दोन्ही गोष्टी होतात: अंगणातल्या दहा झाडांच्या बीचा भाव आफ्रिकेमुळे पडतो, आणि पगार आफ्रिकेमुळे चालू राहतो. तुमच्या पुस्तकातले फायदे आणि तोटे वेगवेगळ्या माणसांचे असतात, असं मुलांना वाटत असेल तर त्यांना या मावशींचं उदाहरण द्या.

मोझांबिकचंही सांगा. एके काळी काजूत जगात अव्वल असलेला देश. बी पिकवायचेही आणि फोडायचेही. पुढे यादवी युद्धाने कंबर मोडली. मग १९९०च्या दशकात जागतिक बँकेने कर्ज देताना अट घातली की कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर उतरवा. युक्तिवाद असा की कर उतरला की शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल. कर उतरला, बी थेट भारताकडे निघाली, आणि तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कामगार घरी बसले, त्यात बायका पुष्कळ. शेतकऱ्याच्या हाती वाढीव म्हणून जे पडलं ते नगण्य. मधल्या व्यापाऱ्यांनी खाल्लं.

ती बी बहुतेक केरळात, काजू कारखान्यांच्या कोल्लमला गेली. मी तेव्हा नवा होतो. केरळवाले आफ्रिकेकडे वळले म्हणून इथल्या बीवरची झुंबड कमी झाली आणि वडील खूश होऊन म्हणाले, "यंदा बी सुटली." मोझांबिकच्या राजधानीतल्या, मापुतोतल्या कुणाच्या तरी कारखान्याचं कुलूप आमच्या आनंदामागे होतं, हे मला फार उशिरा वाचनातून कळलं.

दहा-बारा वर्षांत तेच आमच्यावर आलं. व्हिएतनामने फोडणी-सोलणीची यंत्रं स्वतः बनवली आणि २००६ च्या सुमारास काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकलं. आपल्याकडे पायाच्या मशीनवर एक बाई दिवसभरात फोडते तेवढी बी तिथे यंत्र काही मिनिटांत फोडतं. आपल्या अख्ख्या गराचं प्रमाण चांगलं, पण परदेशी गिऱ्हाईक स्वस्त बघतं. भारताची काजूगर निर्यात २०१३-१४ च्या आसपास लाख टनांच्या वर होती, पुढे निम्म्यावर आली.

मग आम्ही मेलो का नाही? कारण देशातच लोक काजू खायला लागले. जगात सगळ्यात जास्त काजू आता भारत खातो. काजूकतली, पनीरची ग्रेव्ही, दिवाळीचे डबे. माझ्या गराचा शेवटचा टिन परदेशी किती साली गेला ते मला वही उघडून बघावं लागेल; पुणे-मुंबई-अहमदाबाद एवढंच आता माझं जग. या बाजारात बाहेरचा तयार गर ओतला जाऊ नये म्हणून सरकारने २०१९ साली आयातीची किमान किंमत वाढवली: तुकड्याला किलोला ६८० रुपये, अख्ख्याला ७२०. ही भिंत नसती तर मी हे उत्तर लिहायला कारखान्यात बसलो नसतो. आणि गंमत बघा, त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ च्या अर्थसंकल्पात, कच्च्या बीवरचं आयात शुल्क पाचावरून अडीच टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे गराला भिंत आणि बीला उघडं दार. कारखानदार म्हणून मला दोन्ही सोयीचं. काकीला विचाराल तर ती उलट सांगेल, आणि तिचंही खरं आहे.

माझा हिशेबही उघड करतो. बी १५० रुपयांनी घेतली, शंभर किलोतून २८ किलो गर निघाला, तर नुसत्या बीचेच किलोमागे ५३५ च्या वर झाले. मजुरी, लाकूड, वीज, पॅकिंग मिळून आणखी नव्वद-पंच्याण्णव. एप्रिल-मेमध्ये वर्षाची बी उचलायला बँकेचं कर्ज काढतो, त्याचं व्याज पंचवीस-तीस. पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, आणि तुकडा यापेक्षा खाली जातो, अख्खा गर वर. सगळं मिळून जे सुटतं त्यात एक वाईट वर्ष बसत नाही. थांबायची किंमत मलाही मोजावी लागते, फक्त माझ्याकडे बँक आहे.

आणि तरीही मी फसलो. २०११ साली हाव सुटली, एका दलालामार्फत थेट एक कंटेनर मागवला. साधारण २०० पोती. कागदावर उतारा ४८. पैसे बोटीच्या कागदावर दिले, माल नंतर आला. कापून बघितलं तर ४३. ओल धरलेली बी होती, वाटेत आणखी बिघडली. पोत्यामागे पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो, दोनशे पोत्यांना साडेचारशे किलो गर हवेत गेला. भांडायचं कुणाशी? करारात लिहिलेलं लवादाचं ठिकाण परदेशातलं, आणि तिथे जायचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त. गावात काकीने ओली बी दिली तर मी तिला परत पाठवू शकतो. त्या दिवशी मला कळलं की त्या बाजारात काकी मी आहे.

आंब्याकडे येतो, पण मी बागायतदार नाही, मेहुणा आहे देवगडला. त्याच्याकडे बघून सांगतो. काजूत भाव बाहेरून येतो, आंब्यात नियम बाहेरून येतात. अमेरिकेने १९८९ ला भारतीय आंबा बंद केला तो २००७ ला उघडला, तोही विकिरण, म्हणजे फळावर किरणांचा मारा करून. त्यासाठी आपला हापूस आधी नाशिक जिल्ह्यात लासलगावला, कांद्याच्या गावी, जायचा. युरोपने मे २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून दार लावलं, ते जानेवारी २०१५ मध्ये उघडलं. त्यानंतर ४८ अंशांच्या पाण्यात तासभर आंबा बुडवायचा आला. झाडावरून उतरवलेल्या हापूसला चार दिवसांत वाशी, विमान आणि लंडन एवढं गाठायचं असतं. मेहुणा एकदा पाठवून बसला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. निर्यातदार त्याच्याकडून निवडक फळ उचलतो, बाकीचं वाशीला.

२०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण वाशीच्या मार्केटमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरला जो हापूस दिसतो तो आफ्रिकेतल्या मलावीचा, आणि त्याची कलमं कोकणातूनच गेलेली. मेहुण्याला याचा राग येतो. मी त्याला म्हणतो, बाबा रे, आपण ब्राझीलचा काजू लावून बसलोय. तो हसत नाही.

त्याचं खरं दुखणं निराळं आहे. वाशीला पहिली पेटी लवकर जावी, लवकरच्या फळाला भाव मिळावा म्हणून झाडाला कल्टार नावाचं औषध घालायचं, मोहोर आधी आणायचा, मग फुलकिडे आले की फवारणी वाढवायची, आणि औषधाचा अंश जास्त निघाला की बाहेरचं दार बंद. धावायला लावलंय बाजारानेच आणि धापा टाकल्या म्हणून बाहेर काढतोय तोही बाजारच.

माशांविषयी थोडक्यात, कारण त्यातलं मला कमी कळतं. आमच्या लहानपणी जाळ्यात आलेला राणी मासा किंवा बळा घरच्या कालवणाला किंवा सुकवायला. आता राणीचं सुरिमी, म्हणजे माशाचा लगदा, होतं, बळा गोठवून चीनला जातो, म्हाकूल युरोपला. ज्याला किंमत नव्हती त्याला किंमत आली, हे चांगलंच. पण मग पर्ससीनची, अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी आली, रापणवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या, वाट्याचं किनाऱ्याला येईना, आणि भांडणं इतकी पेटली की २०१६ मध्ये सरकारला पर्ससीनवर बंधनं घालावी लागली. कासव सुटायची सोय जाळ्यात नाही म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी नाकारली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५० टक्के कर लावला तेव्हा तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचीही पंचाईत झाली. मालवणच्या माणसाला वॉशिंग्टनची बातमी ऐकावी लागते, आणि तीही मासे बर्फात असताना.

आता समाजाचं सांगतो. आमची घरं मनीऑर्डरवर चालली. मुंबईच्या गिरण्यांची मनीऑर्डर १९८२ च्या संपाने आटली, रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत ती आखाताकडून येऊ लागली. आता माझ्या गावातला मुलगा सकाळी मोटारसायकलने गोव्यात जातो, औषधाच्या कारखान्यात नाहीतर मोपाच्या विमानतळावर, आणि पैसे फोनवर पाठवतो. त्याच्या वडिलांच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं राहतं. बोटीवर खलाशी परप्रांतातले. "कोकणातला पोरगा आळशी" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, दिवसाला किती देणार? राखणीला तो जात नाही, कारण गोव्यात त्याला जास्त मिळतं. नेपाळी येतो, कारण इथे त्याला घरच्यापेक्षा जास्त मिळतं. हिशेब दोघांचाही सारखाच आहे.

जमिनीचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. दोडामार्गकडे रबर लावायला केरळातून लोक आले, डोंगरच्या डोंगर साफ झाले. २०११ ला रबर किलोला २४० च्या आसपास गेलं, २०१६ च्या सुरुवातीला शंभराच्या खाली. लावलं ते पडेल भावातही उभं राहिलं, पण आधीचं रान परत आलं नाही.

आता काकीकडे परत. तिने थांबावं म्हणून काही करता येतं का? येतं. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बी गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. काजू बी त्यात बसते. मग लोक का जात नाहीत? चाळीस किलोसाठी टेम्पो करून तालुक्याला कोण जाणार. आणि बी सुकवायची चिकाटी लागते, ओल आठ टक्क्यांच्या खाली यायला हवी, नाहीतर पावसाळ्यात पोत्यातच काळी पडते. शिवाय फेब्रुवारीत दुकानदाराकडून उचल घेतलेली असते, बी त्यालाच घालायची असते. यातलं तिसरं कारण कागदावर कधी येत नाही आणि तेच सगळ्यात मोठं आहे. चार वाडीतल्या बायकांनी मिळून शंभर पोती केली, तरच ही योजना त्यांच्या कामाची.

त्या काकींनी मात्र एका वर्षी ऐकलं माझं. चार उन्हं देऊन बी नीट सुकवली, कणगीत राखेचा थर देऊन ठेवली, आणि गणपतीच्या आधी आणली. एप्रिलपेक्षा किलोला अठरा रुपये जास्त पडले. नवी पैठणी नेसून चतुर्थीला आमच्या घरी आल्या. पुढच्या वर्षी परत ठेवली आणि ऑगस्टमध्ये आणली, तर तोपर्यंत आफ्रिकेचा माल भरपूर उतरला होता. एप्रिलपेक्षा सात रुपये कमी. काही बोलल्या नाहीत, पैसे मोजून कनवटीला लावले.

यंदा एप्रिलमध्ये आल्या तेव्हा मीच विचारलं, काय करणार? स्कूटरवरून एकच पोतं उतरवत म्हणाल्या, "अर्धी आता इकतंय. अर्धी गणपतीक." आणि मग, मी खिशात हात घालायच्या आत, "तुझ्या फोनात काय म्हणता तो आफ्रिकेवालो?"